मुलांच्या वह्यांतला कंबोडिया

निघण्याआधी इतिहासाच्या सरांनी मुलांना एक काम दिलं होतं. कंबोडियात काय पाहायला मिळेल असं वाटतं, ते पानभर लिहून द्यायचं; पुस्तकात बघून नाही, मनात असेल तेच. ती पानं मी विमानात वाचली. जवळपास प्रत्येकाची सुरुवात सारखी होती: जगातलं सर्वांत मोठं हिंदू मंदिर आपण पाहणार आहोत. पुढे कुणी ‘आपल्या संस्कृतीचा प्रसार’ लिहिला होता, कुणी ‘आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडे उभारलेलं वैभव’. एका मुलीनं मात्र तीनच ओळी लिहिल्या होत्या. कंबोडियातलं एकही गाणं, एकही सिनेमा, एकाही जिवंत माणसाचं नाव आपल्याला सांगता येणार नाही आणि तरी आपण तिथे निघालो आहोत, याचा तिला संकोच वाटत होता.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजातली ही मुलं. बहुतेक इतिहासाची, काही मराठीची, काही भूगोलाची. शिकायला आलेली कोकणातली दोघं-तिघंही त्यांत होती. घरं शेतकऱ्यांची, एस.टी.च्या कंडक्टरांची, छोट्या दुकानदारांची. बहुतेकांनी पासपोर्ट काढला तो या सहलीसाठीच. थोडे पैसे कॉलेजनं घातले, थोडे माजी विद्यार्थ्यांनी, उरलेले घरच्यांनी हप्त्याहप्त्यानं भरले. रोज रात्री वही लिहायचीच, हा सरांचा नियम होता. त्या वह्या वाचायला मिळाव्यात म्हणून मी सोबत गेले. हा लेख त्या वह्यांवर उभा आहे. कुणाचंही नाव लिहायचं नाही, असं मुलांशी ठरलं आहे.

सिएम रीप गावापासून अंगकोर वाट अगदी जवळ. मंदिराभोवतीचा खंदकच जवळपास १९० मीटर रुंद आहे. पाहणाऱ्याला तो आधी तलावच वाटतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं हे विष्णुमंदिर बांधायला घेतलं. तोंड पश्चिमेला, मध्ये पाच शिखरं आणि भोवती दगडात कोरलेल्या लांबच लांब ओवऱ्या. पश्चिमेच्या ओवरीत शिरल्यावर आमच्या मुलांच्या पायांत जे बळ आलं, ते पाहण्यासारखं होतं. कुरुक्षेत्र! शरपंजरी पडलेले भीष्म त्यांनी गाइडनं बोट दाखवायच्या आधी ओळखले. त्याच बाजूला लंकेचं युद्ध, पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन. वासुकीच्या एका बाजूला ८८ देव, दुसऱ्या बाजूला ९२ असुर, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट परक्या देशातल्या भिंतीवर आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोरलेली सापडते, तेव्हा होणारा आनंद खरा असतो. त्या रात्रीच्या वह्यांत तो ओसंडून वाहत होता आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

पण त्याच दिवशी एक गोष्ट घडली आणि ती निम्म्याहून अधिक वह्यांत उतरली. पश्चिमेच्या प्रवेशद्वारात आठ हातांची एक उंच मूर्ती आहे. मुलं तिला पाहताच ‘विष्णू’ म्हणाली, आणि मूर्तिशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मूर्तीच्या अंगावर पिवळंधमक रेशमी वस्त्र होतं, समोर उदबत्त्यांचा धूर, केळी, कमळाच्या कळ्या. गावाकडून आलेल्या दोन बायका गुडघ्यांवर बसून काहीतरी पुटपुटत होत्या. आमच्यातल्या एकानं गाइडला विचारलं, या विष्णूला काय मागतात? गाइड म्हणाला, या बायका विष्णूला ओळखत नाहीत. हा ‘ता रीच’. या जागेचा राखणदार, आमचा आजोबा. लेकराला ताप आला, परीक्षा आली, कोर्टात खटला असला की माणसं याच्याकडे येतात. या बायका बौद्ध आहेत का, असं मुलानं विचारलं. हो, बौद्धच. मग हे मंदिर कुणाचं? गाइडनं थोडा वेळ त्या बायकांकडे पाहिलं आणि सांगितलं, “आज सकाळी तरी त्यांचं.”

हे उत्तर कुणी सहज लिहिलं, कुणी तक्रारीच्या सुरात. एका वहीत तर सरळ विरोध होता: मूळ काय ते सांगायलाच हवं, नाहीतर इतिहास पुसला जातो. मला हा मुलगा आवडला, कारण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. पण मूळ सांगायचं तर अर्धंच सांगून भागत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी बसमध्ये कंबोडियातल्या शिलालेखांबद्दल सांगितलं, ते यासंदर्भात फार मोलाचं होतं. इथे संस्कृत लेख शेकड्यांनी सापडतात आणि अनेकांत एकाच दगडावर दोन भाषा असतात. राजाची आणि देवाची स्तुती संस्कृत श्लोकांत. आणि देवळाला दिलेली भातशेती, गुरंढोरं, भांडीकुंडी, देवळात राबणाऱ्या दासदासींची नावं ख्मेर भाषेत. तारीख असलेला सर्वांत जुना ख्मेर लेख इ.स. ६११ चा आहे. म्हणजे केवळ संस्कृत वाचणाऱ्याला राजे आणि देव भेटतात; राबणारी माणसं भेटायला ख्मेर वाचावी लागते. इथे कुणा भारतीय राजानं स्वारी केल्याचा पुरावा नाही. देव, लिपी, कथा समुद्रमार्गानं आल्या. त्यांतलं काय घ्यायचं आणि कसं वापरायचं, ते इथल्या माणसांनी ठरवलं.

अंगकोरला येणारा प्रत्येक जण आपला देश सोबत घेऊन येतो, ही आजची गोष्ट नाही. मंदिराच्या आत एका खांबावर जपानी अक्षरं आहेत. मोरिमोतो उकोन्दायू नावाचा एक सामुराई १६३२ मध्ये समुद्र ओलांडून इथे आला, त्यानं आईवडिलांसाठी चार बुद्धमूर्ती अर्पण केल्या आणि शाईनं खांबावर तशी नोंद केली. त्या काळातले जपानी यात्रेकरू या मंदिराला जेतवन समजत, श्रावस्तीतलं, बुद्धानं चातुर्मास घालवलेलं. पुढे जपानात या जागेचा नकाशा निघाला तोही जेतवन म्हणूनच. १८६० मध्ये आलेल्या फ्रेंच निसर्गअभ्यासक आंरी मूओला आसपासच्या ख्मेर माणसांत या शिल्पाचे वारस दिसले नाहीत; त्याला दिसली एक हरवलेली संस्कृती, आणि ती शोधून दिल्याचं श्रेय युरोपनं पुढे बराच काळ त्यालाच दिलं. भिक्षू तिथेच राहत होते, पूजा चालू होती, तरीही. १९२६ मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या मोठ्या इतिहासकारांनी या प्रदेशाचं फार मोलाचं संशोधन केलं, पण त्यांनाही इथे मुख्यतः भारतच दिसला. परकीय सत्तेखाली मान खाली घालून जगणाऱ्या पिढीला अशा अभिमानाची गरज होती, हे मी समजू शकते. आमच्या मुलांची पानं त्याच विचाराच्या सावलीत लिहिली गेली होती. ती सावली अजून आपल्या पाठ्यपुस्तकांवर आहे, आणि स्वतंत्र देशाच्या मुलांना तिची गरज उरलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायोन मंदिरात हा अभिमान पहिल्यांदा सैल झाला. सातव्या जयवर्मननं बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या या मंदिराच्या शिखरांवर ते प्रसिद्ध हसरे चेहरे आहेत. फोटो सगळ्यांनी चेहऱ्यांचे काढले, पण वह्या भरल्या त्या बाहेरच्या भिंतीवरच्या कोरीवकामानं. तिथे देव कमी आणि माणसं फार. मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, त्यावर पैज लावणारे बघे, चुलीवर शिजणारं अन्न, बाळंतीण, जाळं ओढणारे कोळी, शेजारच्या चाम लोकांशी नावांवरून चाललेली लढाई. १२९६ मध्ये चीनहून आलेल्या शिष्टमंडळातला झोउ दागुआन जवळपास वर्षभर इथे राहिला आणि परत जाऊन त्यानं सविस्तर टिपणं लिहिली. बाजार बायकाच चालवतात, हे त्यालाही नवल वाटलं होतं. मुलींनी हे लगेच पकडलं. त्या संध्याकाळी सिएम रीपच्या जुन्या बाजारात त्यांनी नीट पाहून घेतलं: भाजीचे, मासळीचे, सोन्याचे गाळे, गल्ल्यावर बसलेल्या बहुतेक बायकाच. एका मुलीनं लिहिलं, भिंतीवरचं शिल्प अजून चालू आहे.

याच राजाच्या काळात राज्यात १०२ आरोग्यशाळा होत्या, असं ता प्रोमचा संस्कृत शिलालेख सांगतो. ता प्रोम म्हणजे झाडांच्या मुळ्यांनी कवटाळलेलं ते मंदिर. त्या लेखाप्रमाणे देवळाच्या आवारात १२,६४० माणसं राहत. या मंदिराच्या दुरुस्तीचं काम या शतकाच्या सुरुवातीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कंबोडियन तज्ज्ञांबरोबर करत आलं आहे. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात खुद्द अंगकोर वाटच्या दुरुस्तीलाही हीच संस्था आली होती, जेव्हा इथे यादवी संपलेली नव्हती आणि रानात सुरुंग होते. दगड साफ करायला वापरलेल्या रसायनांवरून त्या कामावर पुढे टीका झाली, तीही मुलांना सांगितली गेली. एवढ्या धोक्यात येऊन काम करणाऱ्यांबद्दल आदर आणि त्यांच्या पद्धतीबद्दल प्रश्न, दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतं, हे विशीतल्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

सुरुंगांचा विषय निघाल्यावर मुलांनी कार्यक्रमात नसलेली एक भेट हट्टानं घडवून आणली. सिएम रीपजवळ ‘अपोपो’ या संस्थेचं केंद्र आहे. तिथे आफ्रिकेतून आणलेले, मांजराएवढे मोठे उंदीर स्फोटकांचा वास हुंगून सुरुंग शोधतात. वजनानं हलके असल्यामुळे त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात तपासतो. यंत्र घेऊन चालणाऱ्या माणसाला त्यालाच दिवसचे दिवस लागतात. मगावा नावाच्या उंदरानं शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले आणि २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या प्राण्यांसाठीच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. भूगोलाच्या एका विद्यार्थ्यानं त्या रात्री उंदरावर चार पानं लिहिली. अंगकोर वाटवर त्याची दीड पानं होती.

सर्वांत जोराचा वाद झाला तो मारुतीवरून.

कंबोडियाचं रामायण म्हणजे ‘रामकेर’. सिएम रीप भागात ‘स्बेक थोम’ नावाचा छायानाट्याचा प्रकार टिकून आहे. गाईच्या कातड्यावर कोरलेली माणसाच्या उंचीची चित्रं दोन काठ्यांवर धरून कलाकार पडद्याच्या पुढे-मागे नाचतात. चित्राचे हातपाय हलत नाहीत. हलतो तो धरणारा. आमच्यातला एक मुलगा सिंधुदुर्गातला. पिंगुळीच्या ठाकर समाजाचे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ त्यानं लहानपणापासून पाहिलेले. पडद्यामागचा उजेड दिसताच तो पुढे जाऊन बसला. आमच्याकडची बाहुली लहान, हात हलणारी, कातडं पातळ, म्हणून रंग पडद्यावर दिसतात. इथे कातडं जाड, म्हणून सावली काळी पडते आणि उजेड भोकांतूनच येतो, असं त्यानं नंतर कलाकारांना इंग्रजी-हातवाऱ्यांत सांगितलं. त्यांनीही त्याला आत नेऊन कातडं कमावण्याची पद्धत दाखवली. त्या मुलाची त्या रात्रीची वही हे या सहलीतलं सर्वांत चांगलं लिखाण आहे. त्यात ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ असा हिशेब कुठेच नाही. दोन कारागीर एकमेकांचं काम तपासत आहेत, एवढंच त्यात आहे.

वाद झाला तो दुसऱ्या दिवशीच्या नृत्यानंतर. रामकेरमध्ये सेतू बांधताना कुणीतरी रोज दगड पळवतं. हनुमान पाण्यात उतरतो तर ते काम रावणाची मुलगी सुवर्णमच्छा आणि तिच्या मासोळ्या करत असतात. हनुमान तिच्या प्रेमात पडतो, तिला आपल्या बाजूला वळवतो आणि त्या दोघांना मुलगा होतो. हा प्रसंग ख्मेर नृत्यातला अत्यंत लोकप्रिय, फार नाजूक अभिनयाचा भाग आहे. आमची मुलं अवाक झाली. ज्याच्या देवळासमोर तालीम आणि लंगोट, तो मारुती प्रियकर? एक मुलगा उठून बाहेर गेला. बसमध्ये मोठा गलका झाला. कुणी म्हणालं हा अपमान आहे. कुणी म्हणालं, आपल्याकडेही मकरध्वज आहेच की, घामाच्या थेंबातून झालेला. म्हणजे मुलगा दोघांनाही हवा होता, आपण फक्त आई टाळली. हे बोलणारी मुलगी मराठीच्या वर्गातली. तिला टाळ्याही मिळाल्या आणि रोषही. बाहेर गेलेल्या मुलानं वहीत प्रामाणिकपणे लिहिलं की त्याला राग आला, आणि राग आल्यावर असंही वाटलं की गोष्ट इथे येऊन इतकी शतकं झाली. ती इथल्या लोकांनी वाढवली नसती तर ती मेली असती. तो अजून त्या नृत्याशी सहमत नाही. त्यानं असहमत राहावं. पण आपली गोष्ट दुसऱ्याच्या घरी वेगळी वाढते, हे त्यानं अंगावर घेतलं आणि ते पुस्तकातून झालं नसतं.

मग तोन्ले साप सरोवर. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवरात पाणी भरतं. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असलेलं सरोवर पाचपट पसरतं. पाणी पुन्हा फिरतं तेव्हा, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, नॉम पेन्हमध्ये नावांच्या शर्यतींचा मोठा उत्सव होतो. सरोवराकाठच्या काम्पोंग फ्लुक गावातली घरं सहा-सात मीटर उंच खांबांवर आहेत. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरत होतं आणि खांबांवरच्या ओल्या रेषांनी वर्षाचा इतिहास लिहिला होता. कृष्णाकाठच्या एका मुलीनं इथे खूप वेळ काहीच विचारलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात पाणी छपरापर्यंत चढलं होतं. तिनं लिहिलं की आमच्याकडे पूर येतो तेव्हा तो दरवेळी पहिल्यांदाच आल्यासारखा येतो. इथे लोकांनी पाणी येणार हे धरूनच घर बांधलं आहे, शाळा बांधली आहे, कोंबड्यांचा खुराडाही तरंगता ठेवला आहे. मग तिनं एका घरमालकिणीला गाइडमार्फत प्रश्न विचारले: खांब किती वर्षं टिकतात, लाकूड कुठून आणता, पाणी उशिरा आलं तर काय करता. शेवटच्या प्रश्नावर बाई बराच वेळ बोलल्या. वरच्या देशांतल्या धरणांमुळे आणि अवेळी पावसामुळे पाणी आता वेळेवर येत नाही, मासे कमी झालेत. पूर न येणं हेच तिथलं संकट आहे. त्या मुलीच्या वहीतलं ते पान मी आमच्याकडच्या पूररेषेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला वाचायला देईन.

सहल आखणाऱ्या कंपनीच्या मूळ कार्यक्रमात नॉम पेन्हला राजवाडा आणि खरेदी होती. तुओल स्लेंगचं तुरुंग-संग्रहालय सरांनी घालायला लावलं. काही पालकांचा विरोध होता: मुलं आनंदासाठी निघाली आहेत, त्यांना असलं कशाला दाखवायचं? विशीतल्या माणसाला देशाचं वैभव दाखवायचं आणि त्या देशानं भोगलेलं लपवायचं, हा मला त्या देशाचाही आणि त्या मुलाचाही अवमान वाटतो.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेनं नॉम पेन्ह घेतलं आणि काही दिवसांत शहर रिकामं केलं. रुग्णालयातले रुग्णसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा रद्द, बाजार बंद, शाळा बंद, देवळं बंद. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजांनी राजधानी घेईपर्यंत पाऊण कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या या देशातली १५ ते २० लाख माणसं भुकेनं, रोगानं, अतिश्रमानं आणि हत्येनं मेली. तुओल स्लेंग ही तेव्हाची एक शाळा, तुओल स्वाय प्रेय हायस्कूल. तिचा एस-२१ नावाचा तुरुंग केला गेला. १४ ते १८ हजार माणसं इथे आणली गेली. वाचलेली म्हणून माहीत आहेत ती डझनभर. त्यांतला एक वान नाथ, चित्रकार; ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याची चित्रं काढता येतात म्हणून त्याला ठेवलं. दुसरा चुम मेय, यंत्रं दुरुस्त करता येतात म्हणून.

इमारत शाळेचीच राहिली आहे. चौकटी-चौकटीच्या फरशा, व्हरांडे, काही खोल्यांत अजून फळा. व्यायामाचा खांब पटांगणात उभा आहे, त्यावर कैद्यांना उलटं टांगत. एका इमारतीच्या व्हरांड्यांना काटेरी तारेचं जाळं, कुणी वरून उडी मारून सुटका करून घेऊ नये म्हणून. आणि मग फोटो. आणल्या आणल्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, हा तुरुंगाचा नियम होता. ते हजारो चेहरे आता भिंतींवर आहेत. आमच्या मुलांच्या वयाचे, त्यांच्याहून लहान, कडेवर मूल असलेल्या बायका.

मुलांना ज्या गोष्टीनं मुळापासून हलवलं ती फोटोंखेरीज दुसरीच होती. या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक एआव ऊर्फ डुच हा गणिताचा शिक्षक होता. चांगला शिक्षक, असं त्याचे विद्यार्थी सांगत. पोल पॉट, म्हणजे सालोथ सार, हाही शिक्षक होता. १९४९ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेला. १९५० च्या उन्हाळ्यात तो इतर विद्यार्थ्यांबरोबर युगोस्लाव्हियात झाग्रेबजवळ रस्ता बांधायच्या श्रमशिबिराला गेला. म्हणजे तीही विद्यार्थ्यांची परदेशातली गटसहलच. तिथून ती मुलं एका नव्या देशाचं स्वप्न घेऊन आली. बी.एड. करायचं ठरवलेल्या आमच्या एका मुलीनं त्या रात्री लिहिलेला मजकूर मी तिच्या परवानगीनं सारांशानं देते. शिक्षण माणसाला चांगलं करतं, असं आपण भाषणात म्हणतो. डुचनं नोंदवह्या उत्तम ठेवल्या, कबुलीजबाब लाल शाईनं तपासले, शेरे लिहिले, चुका दुरुस्त केल्या. त्याच्यातला शिक्षक मेला नव्हता, तो तिथे कामावर होता. मग मला शिक्षक होताना काय शिकायचं आहे?

डुचला २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं चाललेल्या न्यायालयानं शिक्षा सुनावली, २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तो मेला. त्या आधीच्या राजकारणानं मुलांना चक्रावून टाकलं. ख्मेर रूजची सत्ता गेल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा त्यांच्याच बाजूकडे कित्येक वर्षं राहिली; अमेरिका, चीन आणि शेजारी देशांनी शीतयुद्धाच्या हिशेबात ते चालवून घेतलं. भारतानं मात्र १९८० मध्येच नॉम पेन्हमधल्या नव्या सरकारला मान्यता दिली. काही मुलांना याचा अभिमान वाटला, आणि तो देवळांच्या अभिमानापेक्षा जास्त आधाराचा होता. पण इथेही गाइडनं एक गोष्ट जोडली: ७ जानेवारीला काही कंबोडियन मुक्तिदिन म्हणतात, काही व्हिएतनामच्या ताब्याची सुरुवात. त्याच्या स्वतःच्या घरात दोन भावांची दोन मतं आहेत. वडील त्या वर्षांत गेले. कुठे, ते कळलं नाही.

अंगकोरशी याचा काय संबंध, हे एका मुलानं शोधून काढलं, आणि त्यासाठी त्याला संग्रहालयातला एक झेंडा पुरला. लाल कापडावर पिवळ्या रंगात अंगकोरची शिखरं: ख्मेर रूजचा झेंडा. राजेशाही असो, प्रजासत्ताक असो की त्यानंतरचं सरकार, या देशाच्या झेंड्यावर अंगकोर जवळपास कायम राहिलं आहे. अंगकोर बांधणाऱ्या लोकांना काहीही अशक्य नाही, हा ख्मेर रूजचाही प्रचार होता आणि त्याच प्राचीन वैभवाच्या नावावर त्यांनी माणसांना कालवे खणायला जुंपून उपाशी मारलं. मुलानं वहीत लिहिलं की पहिल्या दिवशी त्या शिखरांकडे बघून आपल्याला जे वाटलं, त्याच्यासारखंच काहीतरी यांनाही वाटत असणार. त्याचा पुढचा प्रश्न मोठा होता: जुन्या वैभवाचा अभिमान कुठपर्यंत न्यायचा, हे कोण सांगतं? त्या प्रश्नावर बसमध्ये सर, गाइड आणि मुलं दोन तास बोलत होती. मी गप्प बसून ऐकलं.

फोटोवरून भांडण झालं तेही लिहिलं पाहिजे. काहींनी तुओल स्लेंगमध्ये स्वतःचे फोटो काढले होते. दोन मुलींनी ते पुसून टाकायला लावले. तिसरी म्हणाली, मी इथे आले होते हे माझ्या आईला कसं दाखवू? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं तुओल स्लेंग, चोएंग एकचं वधस्थळ आणि एम-१३ हा आधीचा तुरुंग यांना जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. आता गर्दी वाढेल आणि हा प्रश्न प्रत्येक गटापुढे येईल. माझा कल पुसायला लावणाऱ्या मुलींकडे आहे, पण आईला दाखवायचं आहे म्हणणारीलाही मी चूक म्हणू शकले नाही.

शेवटच्या दिवशी नॉम पेन्हमधल्या एका विद्यापीठात तिथल्या विद्यार्थ्यांशी भेट होती. भेटल्यावर दोन्ही हात जोडून नमस्कार: सम्पेआह. मित्राला छातीशी, वडीलधाऱ्यांना तोंडाशी, गुरूला नाकाशी, भिक्षूला भुवयांशी. आमच्या मुलांनी आठवडाभरात ते उचललं होतं आणि चुकतही होती. तिथल्या मुली हसून हात वर-खाली करून देत होत्या. मासे आंबवून केलेला प्राहोक रत्नागिरीच्या मुलीनं भातासोबत आवडीनं खाल्ला आणि एका क्षणात ती त्यांची झाली. गप्पा सिनेमाच्या, नोकरीच्या, चिनी गुंतवणुकीच्या, फोनच्या झाल्या. मग एका ख्मेर विद्यार्थ्यानं विचारलं, तुमच्याकडे आमच्याबद्दल काय शिकवतात? आमच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी अंगकोर म्हणालं. तो म्हणाला, ते तर बाराव्या शतकातलं. त्यानंतरचं?

परत आल्यावर मुलांनी कॉलेजला एक निवेदन दिलं. त्यात स्वागताचं वाक्य नव्हतं, आभार शेवटी होते. तिथल्या विद्यार्थ्यांशी भेट पहिल्या दिवशी ठेवावी, शेवटच्या नाही. ज्या देशात जायचं, तिथल्या माणसानं लिहिलेलं निदान एक पुस्तक सगळ्यांनी आधी वाचावं. एक दुपार कार्यक्रमाविना मोकळी असावी. ज्यांच्या घरून पैसे भरता आले नाहीत म्हणून जी मुलं मागे राहिली, त्यांच्यासाठी निधी आतापासून जमवावा, आणि त्याची सुरुवात जाऊन आलेल्यांनी करावी. प्राचार्यांनी तीन गोष्टी मान्य केल्या. मोकळ्या दुपारबद्दल पालकसभेत अजून चर्चा चालू आहे. मुलं परक्या शहरात एकटी फिरणार, हे अनेकांना रुचलेलं नाही.

पुढची तुकडी श्रीलंकेला जाणार आहे. जाफन्यातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहायचं ठरलं आहे आणि त्याचा मसुदा कंबोडियाला जाऊन आलेली मुलं करत आहेत. तिथल्या युद्धाबद्दल पहिल्याच पत्रात विचारावं की नाही, यावर त्यांचं एकमत झालेलं नाही.